उत्स्फूर्त प्रेक्षकांची यादी, तीन प्रतींत

बंडाला वयाची अट नसते, असं म्हणून चष्मेवाले रंगमंचावर मांडी घालून बसले. बसले ते बसलेच. उठवायला दोघं लागले, त्यांतल्या एकाची कंबर धरली, म्हणून त्याला उठवायला तिसरा लागला. तिसरे म्हणजे आपले तराजूराव.

तराजूराव हे त्यांचं खरं नाव नाही, हे सांगायला नकोच. छत्तीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानदाराच्या काट्यात पाच ग्रॅमची खोट असली तर ती त्यांना दारातूनच दिसायची, आणि घरात बायकोने पिठाचा डबा भरला की "साधारण किती?" असं विचारायचीही सोय नव्हती, कारण साधारण हा शब्द ऐकला की त्यांचा डावा डोळा फडफडायचा. अशा माणसाने अंगात फुलाफुलांचा सदरा घालून, कपाळाला पट्टी बांधून, "मोजू नका रे, मोजू नका, जगणं मोजू नका" असं गाणं म्हणायचं होतं. आता यात दोष कुणाचा?

तर नाट्यगृहाला पन्नास वर्षं झाली होती आणि समितीने ठरवलं, की आपल्याच मंडळींनी छत्तीस वर्षांपूर्वी केलेली ती रॉक संगीतिका पुन्हा करायची. गोष्ट सोपी होती. बारा मुलंमुली घर सोडतात, केस वाढवतात, मैदानात राहतात, गिटार वाजवतात आणि मोठ्या माणसांना सांगतात की तुमचं जग तुमच्याकडेच ठेवा. तेव्हा तीन प्रयोग झाले होते. तिसऱ्याला प्रेक्षकांतून एक बूट आला होता. (बुटाचा मालक दुसऱ्या दिवशी तो परत न्यायला आला आणि जाताना म्हणाला की दुसरं गाणं बरं होतं.)

समितीने आधी रीतसर तरुणांनाच विचारलं. चार जण आले आणि फार नम्रपणे संहिता वाचून बसले. एकाने विचारलं, ही मंडळी मैदानात राहतात तर फोन कुठे चार्ज करतात. एकीने विचारलं, मैदानाची परवानगी कुणाच्या नावावर आहे. मग चौघांचाही क्लास होता, ते गेले. तेव्हा जुन्या संचातले जे उरले होते त्यांनाच गोळा केलं. सरासरी वय एकोणसाठ. दिग्दर्शक तेव्हाचेच, म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारे चष्मेवाले. तेव्हा त्यांचे केस खांद्यावर होते. आता खांदे तेवढे उरले होते. पहिल्याच तालमीत ते मांडी घालून बसले, पुढचं वर आलंच आहे, आणि त्या दिवशी ठरलं की घर सोडून गेलेली मुलं मैदानात खुर्च्यांवर बसतील.

तराजूराव नायक होते. तेव्हाही आणि आताही. आणि त्यांनी हो म्हटलं ते गाण्यासाठी नाही. पहिल्या संचात पडद्याआड वही घेऊन बसणारी, सगळ्यांना सगळ्यांच्या ओळी पुरवणारी प्रॉम्प्टर म्हणजे त्यांची धाकटी बहीण होती, सतरा वर्षांची. शेवटच्या प्रयोगानंतर चौथ्या दिवशी तिने बॅग भरली आणि वडिलांना सांगितलं, मी इथे राहणार नाही, मला गाणं शिकायचंय. वडील ओरडले. तिने दादाकडे पाहिलं. दादाच्या हातात त्याच सकाळी आलेलं नोकरीचं पत्र होतं. तो म्हणाला, "बाबांचं बरोबर आहे." ती गेली ती गेली. पहिल्या वर्षी एक कार्ड आलं, मग तेही नाही.

एवढंच. यापेक्षा जास्त ते कधी कुणाला बोलले नाहीत. बायकोलाही लग्नानंतर सहाव्या वर्षी सांगितलं, तेही दिवे गेले होते म्हणून.

तेव्हा बाकी सगळे नाट्यगृहाच्या पन्नाशीसाठी नाचत होते आणि तराजूराव एका प्रेक्षकासाठी. बहिणीचे तीन पत्ते त्यांच्याकडे होते: एक मुलींचं वसतिगृह, एक पुस्तकबांधणीचा कारखाना, आणि समुद्राकाठची एक शाळा, जिथे ती गाणं शिकवते असं कुणीतरी कुणाकडून तरी ऐकलं होतं. तिन्हीकडे पत्र टाकायचं ठरलं. अकरा कच्चे खर्डे झाले. शेवटी पाकिटात गेलं ते असं: रविवारी चारला प्रयोग आहे. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची तुझी. दादा.

"यात माफी कुठाय?" बायकोने विचारलं.

"ती समोर मागायची असते."

"आणि समोर आलीच नाही तर?"

तराजूराव तिकीट चिकटवत होते. तिकीट अगदी काटकोनात बसलं.

आता तालमी. शेजाऱ्यांबद्दल कुणी वाईट बोलू नये, पण वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात आणि तिथेच त्यांचा दवाखाना आहे. तराजूरावांनी घरी वरचा सूर लावला की वर खुर्चीत आ करून बसलेला पेशंट विचारायचा, आत कुणाचा दात काढताय? दोन पेशंट तोंडातला कापूस घेऊनच पळाले. डॉक्टर खाली आले, फार सभ्यपणे बोलले, आणि तोडगा निघाला: वर दात कोरायचं यंत्र सुरू झालं की खाली गाणं सुरू करायचं. त्यामुळे तराजूरावांची सगळी तयारी त्या यंत्राच्या पट्टीत झाली. पुढे गिटारवाल्याने स्वर दिला तर त्यांना लागेना. दाढ दुखायची तेवढी.

समोरच्या हेडबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी संहिता मागून नेली आणि लाल शाईने सजवून परत केली. "आईबाबा चुकले" हे फार उर्मट आहे, "आईबाबांचंही काही अंशी चुकलं असावं" असं म्हणा. चष्मेवाले म्हणाले, चालीत बसणार नाही. बाई म्हणाल्या, चालीला नको तेवढं डोक्यावर बसवून ठेवलंय तुम्ही. टोपांचं तर विचारूच नका. टोपवाल्याकडे एका बालनाट्यातले सोनेरी कुरळे टोप शिल्लक होते, पऱ्यांचे. तेच घेतले, काळे रंगवले. सातव्या गाण्याला घामाने रंग उतरू लागायचा आणि बंडखोरांच्या कानांमागून काळे ओघळ यायचे. बघणाऱ्याला वाटावं, काय हा दुःखी जमाव.

खरी मेख मात्र शेवटच्या गाण्यात होती. या संगीतिकेची रीतच अशी की शेवटी प्रेक्षक उत्स्फूर्तपणे रंगमंचावर येतात आणि सगळे मिळून नाचतात. त्यासाठी अग्निशमन खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र लागत होतं. ते देणाऱ्या अधिकाऱ्यांना सगळे बंबसाहेब म्हणत. सडपातळ, शांत माणूस. हसत नव्हते, रागवत नव्हते. नियम सांगायचे आणि पाण्याचा घोट घ्यायचे.

बंबसाहेब म्हणाले, उत्स्फूर्तपणे येऊ द्या, हरकत नाही. पण कोण येणार त्याची यादी आधी द्या. तीन प्रतींत.

चष्मेवाल्यांनी समजावलं, की साहेब, यादी दिली तर ते उत्स्फूर्त कसं राहील. बंबसाहेबांनी घोट घेतला. म्हणाले, रंगमंच जुना आहे, लाकडाला तीन हजार दोनशे किलोच्या वर भार चालणार नाही, तेव्हा यादीत नावापुढे वजनही लिहा. आणि अंदाजे वजन चालत नाही.

इथे सगळ्यांच्या माना आपोआप तराजूरावांकडे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच कला आणि खातं एका जागी आलं होतं. तराजूरावांचा ऊर भरून आला, आणि तिथेच चूक झाली. त्यांनी नुसती यादी केली नाही. त्यांनी नाट्यगृहाच्या दालनात सरकारी शिक्क्याचा प्लॅटफॉर्म काटा मांडला, दोन्ही बाजूंनी पातळी तपासली, आणि उत्स्फूर्तपणे वर येऊ इच्छिणाऱ्यांना तीन दिवस तोलत बसले.

बायका काट्याकडे बघून म्हणाल्या, आम्ही खालूनच टाळ्या वाजवू. हेडबाई चढल्या, आकडा पाहिला आणि काटाच खोटा आहे म्हणाल्या. छत्तीस वर्षांत हा आरोप तराजूरावांनी दुसऱ्यांवर केला होता, त्यांच्यावर कधी झाला नव्हता. त्या रात्री ते जेवले नाहीत. शेवटी दुकानदार आले. ज्यांचे काटे त्यांनी कधी ना कधी जप्त केले होते ते सगळे एकापाठोपाठ एक काट्यावर चढले, कारण निरीक्षकाला नाही कोण म्हणणार? एक किराणावाला उतरताना हळूच म्हणाला, "साहेब, पाच ग्रॅम इकडेतिकडे धरा." आणि सगळ्या रांगेला ठसका लागला.

एकोणचाळीस नावं झाली. अनुक्रमांक चाळीस तराजूरावांनी स्वतःच्या हाताने लिहिला. बहिणीचं नाव. वय त्रेपन्न. मग वजनाचा रकाना आला आणि लेखणी थांबली. घरातून गेली तेव्हा ती बेचाळीस किलोची होती; नोकरीच्या मुलाखतीचा सराव म्हणून त्यांनी महिनाभर आधीच तिला भंगारवाल्याच्या काट्यावर उभं करून तोललं होतं, आणि ती काट्यावर उड्या मारून आकडा बिघडवत होती. त्यानंतरचं त्यांना काही माहीत नव्हतं. ती जाड झाली का, वाळली का, आजारी होती का.

छत्तीस वर्षं अंदाजे वजनासाठी लोकांना दंड करणाऱ्या माणसाने रकान्यात लिहिलं: ४२.

बंबसाहेबांनी यादी वरपासून खाली वाचली. चाळीसवर बोट ठेवून विचारलं, "या बाई काट्यावर चढल्या?"

"चढतील," तराजूराव म्हणाले. "आल्या की."

बंबसाहेबांनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि शिक्का मारला.

रविवार उजाडला. तराजूरावांना आता नवीच भीती: नाट्यगृह रिकामं राहिलं तर? ती आली आणि रिकाम्या खुर्च्यांत एकटी बसली तर? म्हणून त्यांनी आठवडाभर दुकानादुकानांतून फुकट पास वाटले होते. परिणाम असा झाला की सगळी बाजारपेठ सहकुटुंब आली आणि इतकी घाबरून आली की पडदा उघडायच्या आधीच टाळ्या सुरू झाल्या. तीनशे बारा खुर्च्या, आणि पावणेचारला तीनशे अकरा भरलेल्या. उरलेल्या एकीवर, तिसऱ्या रांगेत कडेला, त्यांनी पुठ्ठा बांधला होता. राखीव.

चारला सात मिनिटं कमी असताना मोठे साहेब आले. वजनमापे खात्याचे प्रमुख. पासशिवाय, न कळवता, आणि सोबत सासूबाई. साहेबांना दुसऱ्या रांगेतल्या एका दुकानदाराने घाईघाईने आपली खुर्ची दिली आणि तो आनंदाने घरी गेला. सासूबाई उभ्या राहिल्या. त्यांनी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं.

"ही कुणाची?" साहेबांनी विचारलं.

तराजूराव फुलाफुलांच्या सदऱ्यात, पऱ्यांच्या काळ्या टोपात उभे होते. दाराकडे पाहिलं, दारात कुणी नव्हतं. घड्याळाकडे पाहिलं. बायको विंगेतून मान हलवत होती, नाही, नाही. त्यांना ते दिसलंही.

"कुणाची नाही, साहेब," ते म्हणाले. "बसा ना."

आणि पुठ्ठा त्यांनी आपल्याच हाताने सोडवला.

प्रयोगाचं काय सांगावं? पहिल्या अंकात मैदानातली एक खुर्ची मोडली. ढोल वाजवणारा माणूस पेन्शनच्या कागदांवर सही करायला विंगेत गेला आणि एक गाणं ढोलाशिवायच गेलं. टोपांचे ओघळ ठरल्या वेळी सुरू झाले. प्रत्येक ओळीला बाजारपेठ टाळ्या देत होती, दुःखाच्या ओळीलाही.

मग तराजूरावांचं एकट्याचं गाणं आलं, "मोजू नका." पहिलं कडवं गेलं. दुसऱ्याला त्यांची नजर तिसऱ्या रांगेवर गेली. सासूबाई पर्समधून गोळी काढत होत्या. आणि पुढची ओळ पुसली गेली. गिटारवाला तोच तुकडा फिरवत राहिला, एकदा, दोनदा. प्रॉम्प्टिंगची वही आता बायकोकडे होती. पण ती पानं चुकली होती आणि रडकुंडीला आली होती. तेवढ्यात अंधारातून, लांबून, एक बाईचा आवाज आला. ओरडणं नाही, नुसती ओळ, पडद्याआडून देतात तशी, सपाट आणि स्पष्ट: "वाटेवरती पाऊल माझे."

तराजूरावांनी ती झेलली आणि गात सुटले. आयुष्यात गायले नव्हते तसे गायले. त्यांना वाटलं, बायकोला पान सापडलं.

शेवटचं गाणं सुरू झालं आणि चष्मेवाल्यांनी माइकवरून उत्स्फूर्त प्रेक्षकांना क्रमांकाने पुकारलं. एक, दोन, तीन. किराणावाले, कापडवाले, सुतार, एकेक करून पायऱ्या चढत आले, रांगेत उभे राहिले आणि नाचायचं म्हणजे नक्की काय करायचं म्हणून निरीक्षकाकडे बघू लागले. एकोणचाळीस. अनुक्रमांक चाळीस. चष्मेवाल्यांनी पुन्हा पुकारलं, अनुक्रमांक चाळीस. तराजूरावांनी जिन्याच्या पायऱ्यांकडे पाहत हात पुढे केला होता. तो थोडा वेळ तसाच राहिला. मग पडदा पडला आणि टाळ्या थांबेनात, कारण साहेब अजून बसलेले होते.

तोंड धुवायला ते मागच्या नळाशी गेले. बायको टॉवेल घेऊन उभी होती. ते म्हणाले, वेळेवर ओळ दिलीस हं. ती म्हणाली, "मी नाही दिली."

बंबसाहेब तिथेच होते, नळांचा दाब तपासत. ते सहसा विचारल्याशिवाय बोलत नाहीत, पण बोलले. म्हणाले, चारला चार मिनिटं असताना एक बाई आल्या. तिसऱ्या रांगेत माझी खुर्ची आहे म्हणाल्या. मी बघितलं तर खुर्ची भरलेली. तीनशे बारा पूर्ण. त्यांनी विचारलं, तिथे कोण बसलंय? मी सांगितलं, वजनमापेच्या मोठ्या साहेबांच्या सासूबाई.

"मग?"

"हसल्या. म्हणाल्या, म्हणजे काही बदललेलं नाही." बंबसाहेबांनी नळ बंद केला. "जायला निघाल्या होत्या. पण आत गिटार सुरू झाली, तशा थांबल्या. हवेसाठी दार वीतभर उघडं ठेवायचा नियम आहे. त्या फटीशी उभ्या राहिल्या. सगळं पाठ होतं त्यांना. तुमच्याआधी ओठ हलायचे. तुम्ही अडलात तेव्हा मोठ्याने बोलल्या, मी गप्प केलं. चाळीस नंबर पुकारला तेव्हा मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी बॅग उचलली."

तराजूरावांच्या कानामागून काळं पाणी गळत होतं. त्यांना एकच सुचलं. "कशी दिसते?"

बंबसाहेबांनी विचार केला. माणूस सांगायची त्यांना सवय नव्हती, आग सांगायची होती. "केस बारीक कापलेले. पांढरे. चष्मा. अंगाने..." ते थांबले. "पन्नासच्या आत असाव्यात. किलो म्हणतोय मी. अंदाजे."

अंदाजे ऐकूनही त्यांचा डोळा फडफडला नाही. ते तिथल्या उलट्या बादलीवर बसले. बायकोने टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला आणि तो खांद्यापर्यंत ओढला, म्हणजे कुणाला काही दिसायला नको.

सोमवारी मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. सासूबाईंना आवाज फार वाटला, पण खुर्ची उत्तम होती म्हणाले. आणि येत्या शनिवारी बाजाराची तपासणी आहे, सकाळपासून लागा.

"शनिवारी मी येणार नाही, साहेब."

"बरं नाहीये का?"

"बरा आहे. येणार नाही."

एवढं बोलून ते बाहेर आले आणि शिपायाने न विचारताच त्यांना खुर्ची दिली. पाणीही दिलं. निवृत्तीला अकरा महिने उरलेले.

मग ते चष्मेवाल्यांकडे गेले. दुकानात एका आजोबांना अक्षरांचा तक्ता वाचायला लावून चष्मेवाले सगळं ऐकत होते. पुन्हा प्रयोग, तोही येत्या शनिवारी? खुर्ची मोडलीय, ढोलवाल्याचे कागद व्हायचेत, टोप परत गेलेत. आणि येणार कोण? बाजारपेठ पुन्हा येणार नाही, सांगून ठेवतो.

"बाजारपेठ नकोय."

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांनाही ती सतरा वर्षांची प्रॉम्प्टर आठवत असावी. त्यांच्या ओळी तर तिने सगळ्यांत जास्त पुरवल्या होत्या. म्हणाले, टोपांशिवाय करू मग. जसे आहोत तसे.

पत्रं पुन्हा तीन गेली, तिन्ही पत्त्यांवर. या वेळी खर्डा एकच झाला. त्यात काय होतं ते बायकोने वाचलं नाही. पाकीट मात्र तिने जिभेने ओलं करून नीट दाबून बंद केलं. तिकीट त्यांनी लावलं होतं; ते वाकडं बसलं होतं.

बुधवारी तराजूराव अग्निशमन कार्यालयाच्या खिडकीशी उभे राहिले. आत बंबसाहेब. अर्ज ठरलेला होता, रकाने ठरलेले होते. अतिरिक्त प्रयोगाचं कारण: पहिल्या प्रयोगाला एक प्रेक्षक बाहेर राहिला. रंगमंचावरील व्यक्ती: बारा. अपेक्षित प्रेक्षकसंख्या: एक.

बंबसाहेबांनी अर्ज दोनदा वाचला. पाण्याचा घोट घेतला.

"नक्की येणार आहेत?"

"माहीत नाही."

"मग एक कशी लिहिलीत?"

तराजूरावांनी अर्जाच्या उरलेल्या दोन प्रती खिडकीतून आत सरकवल्या. बंबसाहेबांनी शिक्क्याची डबी पुढे ओढली.

"प्रेक्षक एक असला तरी नियम तोच," ते म्हणाले. "दोन्ही दारं उघडी ठेवावी लागतील. सुरुवातीपासून शेवटपर्यंत."

"ठेवीन," तराजूराव म्हणाले.